ॲलिस स्प्रिंग्स डायरी: कान, कुत्री आणि ळ

रविवार

ॲडलेडहून ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेलं ॲलिस स्प्रिंग्स विमानाने जेमतेम दोन तास, आणि त्यातला बराच वेळ खाली नुसती लाल माती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, उलुरू, तो प्रसिद्ध लाल खडक, बघायला चाललीस का, तर म्हटलं नाही हो, कान बघायला. खरंच. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मूळची सांगलीची, शिकले मुंबईत, आता राहते ॲडलेडला, आणि आमची आई अजूनही सगळ्यांना "ती कानाची मशीनं बसवते" असंच सांगते. या खेपेला एका टीमबरोबर आठवडाभर जायचं होतं, आधी दोन दिवस लांबच्या वस्तीवर मुलांचे कान तपासायचे आणि मग ॲलिसमध्ये ऑपरेशनं. याला इकडे ब्लिट्झ म्हणतात, म्हणजे सर्जन, भूलवाले, नर्सेस सगळे बाहेरून एकदम येतात आणि चार-पाच दिवसांत जेवढी मुलं होतील तेवढी करून टाकतात.

आणि उलुरू ॲलिसपासून साडेचारशे किमी आहे, हे सांगलीत कोणालाही पटत नाही.

संध्याकाळी टॉड नदीवर गेले. नदी म्हणजे नुसतं वाळूचं पात्र, त्यात मोठी मोठी पांढऱ्या बुंध्याची झाडं. इथे १९६२ पासून बोटींची शर्यत होते म्हणे, बोटींना बूडच नसतं, माणसं आत पाय घालून बोट उचलून वाळूतून पळतात, आणि १९९३ ला ती शर्यत रद्द करावी लागली कारण नदीला पाणी आलं! हे ऐकून मी एकटीच हसत बसले. जुलै महिना, रात्री थंडी अशी की दात वाजत होते.

सोमवार

पहाटे सहाला निघालो, टनामी रोडने वायव्येला जवळजवळ तीनशे किमी. वस्तीचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे, कोणत्या मुलाबद्दल बोलतेय ते तिथल्या माणसाला लगेच कळेल. वार्लपिरी या आदिवासी लोकांचं गाव एवढं पुरे. गाडीत मी, एक नर्स आणि पाठीमागे खोक्यांत सगळी यंत्रं, धुळीपासून वाचवायला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, तरी धूळ गेलीच. क्लिनिकच्या दारात आठ-दहा कुत्री पसरलेली. ओलांडून जायचं, उठवायचं नाही हा पहिला नियम.

तिथली हेल्थ वर्कर पन्नाशीची बाई. तिला सगळे नुंगरायी म्हणतात आणि मीही तेच म्हणते, ते तिचं वैयक्तिक नाव नाही, ते स्किन नेम. वार्लपिरींमध्ये अशी आठ घराणी म्हणा, बायकांची नावं न वरून आणि पुरुषांची ज वरून. मला बघून तिने पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाली तू नापाल्जारी. झालं, मी नापाल्जारी. नंतर कागदावर नातं काढून बघितलं तर नापाल्जारीचा बाप जुंगरायी असतो आणि त्याची बहीण नुंगरायी, म्हणजे ही माझी आत्या झाली की! मी तिला मराठीतला शब्द शिकवला, आत्या, तर ती दिवसभर स्वतःला आत्या म्हणवून घेत होती.

यादीत आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. तीन मुलांच्या नावापुढे कुमनजायी. मला वाटलं आडनाव आहे, भावंडं असतील. आत्याने सांगितलं की गावात कोणी वारलं की त्याचं नाव उच्चारायचं नाही, आणि त्याच नावाचं जे जिवंत माणूस असेल त्यालाही मग कुमनजायी म्हणायचं, काही महिने, कधी वर्षं. कॉम्प्युटरला हे कसं कळणार, त्याच्यात एकाच पोराच्या दोन-दोन फाईली. आत्या नसती तर मी चुकीच्या मुलाचा रिपोर्ट चुकीच्या फाईलमध्ये घातला असता.

तपासणी सुरू केली. आधी व्हिडिओ ओटोस्कोपने पडद्याचा फोटो, मग टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानात बारीकसा हवेचा दाब देऊन पडदा हलतो का बघायचं, मग हेडफोन लावून ऐकण्याची टेस्ट, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. शहरात दहा मुलांत एखादाच आलेख सपाट येतो, म्हणजे पडदा हलत नाही. इथे सकाळपासून सपाट, सपाट, सपाट. एकदा तर मला वाटलं मशीन बिघडलं म्हणून मी स्वतःच्या कानात लावून बघितलं. माझा आलेख छान डोंगरासारखा. मशीन बरोबर होतं.

अकराव्या मुलाला मशीन बंद पडलं, कारण चार्जर मी ॲलिसच्या हॉटेलात विसरले होते. तीनशे किमीवर. यावर काय लिहू. उरलेल्या मुलांचे पडदे रबरी फुगा दाबून जुन्या पद्धतीने हलवून बघितले. आणखी एक मूर्खपणा, खोलीत फ्रीज घरघरत होता आणि खालच्या पट्टीचे आवाज त्यात बुडत होते, म्हणून मी सरळ प्लगला हात घातला तर नर्स ओरडली, अगं लसी आहेत त्यात! मग हेडफोन उचलून लायब्ररीत गेलो, तिथे कुत्री.

आता थोडं आकड्यांचं, कारण लोकांना वाटतं मुलांचे कान दुखतातच, त्यात काय. २००१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या २९ वस्त्यांवर सहा महिने ते अडीच वर्षांची ७०९ मुलं तपासली होती. दहातल्या नऊ जणांच्या कानात काही ना काही होतं, आणि जवळपास चारातल्या एकाच्या पडद्याला भोक पडलेलं. डब्ल्यूएचओ म्हणते की कुठल्या समाजात चार टक्क्यांहून जास्त मुलांचे कान असे जुनाट वाहत असतील तर ती आणीबाणी समजा. २००४ च्या त्यांच्या यादीत त्या सगळ्यात वरच्या गटात आदिवासी ऑस्ट्रेलियन होते, आणि भारतही होता. हे मी कॉलेजात वाचलं होतं आणि विसरून गेले होते. आपल्याकडे याला साधा शब्दच आहे, कान फुटला. माझ्या आत्येभावाचा कान कायम फुटलेला असायचा, उशीला वास यायचा, आजी लसणाचं तेल कोमट करून घालायची आणि मास्तर त्याला ढ म्हणायचे. तेल अजिबात घालू नका कानात, हे मध्येच सांगून ठेवते.

हे होतं कशामुळे तर नाकातले जंतू, न्यूमोकॉकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला हे तिघं. ते सगळ्याच मुलांच्या नाकात कधीतरी येतात, पण इथे बाळ काही आठवड्यांचं असतानाच येतात आणि तिघं एकदम येऊन मुक्काम ठोकतात. घरात दहा-पंधरा माणसं, एक नळ, तोही कधी चालू कधी बंद, शेकोटीचा आणि सिगरेटचा धूर. बाळाची नाकापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि आडवी, सगळं आत. बाळ रडतही नाही फारसं. दुखणं थोडं, पू जास्त. म्हणून कोणी धावत क्लिनिकमध्ये आणतही नाही. न्यूमोकॉकसची लस इथल्या बाळांना २००१ पासून फुकट आहे, तिने फरक पडला पण म्हणावा तेवढा नाही.

आत्या मुलांच्या आयांना टिश्यूची सुरळी करायला शिकवत होती. टिश्यू पेपर पिळून टोकदार वात करायची, दिव्याच्या वातीसारखीच, कानात हळूच घालून धरायची, पू शोषला की दुसरी, मग तिसरी, वात कोरडी निघेपर्यंत, आणि मग औषधाचे थेंब. दिवसातून दोन-तीनदा, आठवडेच्या आठवडे. पाच पोरं असलेल्या घरात हे करून दाखवा कोणीतरी.

मंगळवार

सकाळी शाळेत. वर्ग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी नाक शिंकरायचं, खोकायचं, उड्या मारायच्या असा कार्यक्रम असतो. तीसेक पोरं एकदम नाक शिंकरतात तो आवाज काय वर्णावा! कानाला याचा किती फायदा होतो यावर लोकांची भांडणं आहेत, पण शेंबूड तरी निघतो, आणि ज्याच्या कानातून त्याच वेळी पुळकन पू बाहेर येतो तो मास्तरांना लगेच कळतो.

वर्गात मागे बसले. इंग्लिश वाचन चालू होतं. एक नऊ वर्षांचा मुलगा, लाल टोपीवाला, उजव्या पडद्याला मोठं भोक, डावीकडे पडद्यामागे पाणी, काल मीच टेस्ट केली होती, ३५ ते ४० डेसिबलचा तोटा. म्हणजे दोन्ही कानांत बोटं घालून बसल्यासारखं समजा. बाई बोलत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघतच नव्हता, शेजारच्या पोरीच्या हाताकडे बघत होता. ती त्याची बहीण, अकरा वर्षांची. बाकाखाली तिची बोटं चालू. मला वाटलं यांनी घरच्या घरी काहीतरी शोधून काढलंय बहिऱ्या भावासाठी, पण आत्याने सांगितलं की ही त्यांची जुनीच हातांची भाषा आहे, रडाक-रडाक, म्हणजे हात-हात. नवरा वारला की बायका महिनोन्‌महिने तोंडाने बोलत नाहीत, हातांनीच सगळं बोलतात, शिकारीला जातानाही हीच. सगळ्यांना येते. त्यामुळे घरी या मुलाला काही कमी पडत नाही, आणि त्यामुळेच त्याला ऐकू येत नाही हे घरी कोणाच्या लक्षात येत नाही. तो बहिरा ठरतो फक्त शाळेत. तिथेही बहिरा नाही ठरत, आगाऊ ठरतो, नाहीतर लाजाळू.

आता ळ बद्दल. मला आल्यापासून काहीतरी ओळखीचं ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं काय ते. मग आत्या म्हणाली वाळ्पिरी, आणि माझी ट्यूब पेटली. इंग्लिशमध्ये वार्लपिरी लिहितात पण त्यात र नाहीच, तो ळ आहे! आपला ळ, टाळूला जीभ वळवून. आणि ट पण, ण पण. ॲडलेडला नऊ वर्षं राहून माझा ळ कोणालाही नीट म्हणता आला नाही आणि इथे आख्खं गाव ळ म्हणतंय. विस्तवाला ते वाळु म्हणतात. लाल वाळूत शेकोटीपाशी बसून मी वाळू आणि वाळु असा घोळ घालत होते आणि आत्या पोट धरून हसत होती. कान म्हणजे लांगा. ऐकणं म्हणजे पुर्दा-न्यान्यी, त्यातलं न्यान्यी म्हणजे बघणं.

आणि त्यांच्या भाषेत स नाही. फ नाही, श नाही, ह पण नाही. ब आणि प वेगळे नाहीत. स्वर फक्त तीन. हे ऐकून मी थबकलेच, कारण कानात पाणी साठलं की खालच्या पट्टीतलं कमी येतं, तिथे स्वरांचे बारीक फरक आणि ब-प चा फरक असतो, आणि वर्षानुवर्षं पू राहिला की वरच्या पट्टीतलं जातं, तिथे स, फ, श असतात. मधलं शाबूत राहतं, आणि इथल्या आदिवासी भाषांत सगळी गर्दी मधेच, टच्या ठिकाणचे आवाज, तच्या ठिकाणचे आवाज, ल आणि ळ. फ्लिंडर्स विद्यापीठातल्या अँड्र्यू बुचर या भाषाशास्त्रज्ञाने हेच मांडलं आहे की या भाषांची घडण आणि कानाचा आजार यांचा संबंध असू शकतो. सिद्ध झालेलं नाही, गोरे यायच्या आधी हा आजार एवढा होता का याबद्दलच शंका आहे, त्यामुळे मी उगाच छातीठोकपणे सांगत नाही. पण वर्गात बसून बघितलं ते असं की घरची भाषा त्या मुलाला बऱ्यापैकी पुरते, आणि शाळेची भाषा म्हणजे जिथे तिथे स. एक कॅट, दोन कॅट्स. तो शेवटचा स त्याच्यासाठी नाहीच, मग एक आणि दोनचा फरक त्याने ओळखायचा कसा?

दुपारी पोहण्याच्या तलावावर पोरं बघितली. कान फुटलेल्याला पाण्यात सोडायचं नाही असंच आम्ही शिकलो, पण पश्चिम ऑस्ट्रेलियात दोन वस्त्यांवर तलाव बांधले, शाळेत आलं नाही तर पोहायला नाही असा नियम केला, आणि २००३ मध्ये छापून आलं की मुलांच्या अंगावरचे फोड कमी झाले आणि पडद्यांची भोकंही कमी झाली. नंतर दक्षिण ऑस्ट्रेलियात बघितलं तर कानांत फरक दिसला नाही. म्हणजे कोणाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पोरं काही विचारायला थांबली नव्हती, धपाधप उड्या मारत होती.

बुधवार

परत ॲलिस. चार्जर पलंगाखाली होता.

संध्याकाळी वस्तीवरून बस येणार होती, आठ मुलं आणि त्यांच्याबरोबरची मोठी माणसं. आली चार मुलं. शेजारच्या गावात कोणी वारलं, सॉरी बिझनेस, म्हणजे दुखवटा, आणि नातं असेल त्या सगळ्यांनी जायचंच असतं, कितीही दिवस. फॉर्मवर यासाठी एकच खूण असते, आला नाही. अशा दोन-तीन खुणा झाल्या की पुढे कोणीतरी फाईल बघून म्हणतं, या आईबापांना काही पडलेलीच नाही. आपल्याकडे दहाव्याला न जाता पोराच्या कानाच्या ऑपरेशनला जाईल का कोणी? माझ्या घरचे तरी गेले नसते.

लाल टोपी मात्र आला, आजीबरोबर. बहीणही आली, तिचं नाव कोणत्याही यादीत नव्हतं. तिच्या जेवणाची सोय कशी लावायची यावर अर्धा तास फोनाफोनी. रिकाम्या झालेल्या जागांवर ॲलिसमधलीच वेटिंगवरची मुलं बोलावली.

गुरुवार

सर्जननी विचारलं, आत येऊन बघणार का, म्हटलं हो. सकाळी आधी ग्रोमेटची तीन लहान मुलं. पडद्याला दोन मिलिमीटरची चीर, आतून घट्ट डिंकासारखा द्रव ओढून काढायचा, ओढताना नळीतून सुर्रर्र आवाज येतो, आणि मग चिरेत इवलीशी प्लास्टिकची रिंग बसवायची की हवा खेळते. पंधरा मिनिटांत एक मूल. रिंग सहा महिने ते वर्षभरात आपली आपण पडून जाते. चौथ्याने पहाटे गुपचूप चिप्स खाल्ल्या होत्या, भूल देता येईना, त्याचा नंबर शेवटी.

आजीची सही दुभाष्यामार्फत फोनवरून झाली. तिने एकच प्रश्न विचारला, कातडं कोणाचं लावणार? त्याचंच, त्याच्याच कानाच्या वरून, असं कळल्यावर मान हलवली.

मग लाल टोपी, टोपीशिवाय. भूल दिल्यावर मायक्रोस्कोपखाली भोक स्क्रीनवर दिसलं, एवढंसं पोर आणि भोक केवढं, पडद्याचा अर्धा भाग गेलेला, आतली हाडं दिसत होती. कानाच्या मागे चीर देऊन वरच्या स्नायूवरचं पांढरं पातळ आवरण कापून घेतलं, काचेवर पसरून वाळत ठेवलं. वाळल्यावर ते हुबेहूब तांदळाच्या पापडासारखं दिसतं, उन्हात टाकलेल्या. भोकाच्या कडा खरवडून ताज्या केल्या, कारण जुन्या कडा बरं व्हायचं विसरलेल्या असतात, हा सर्जनचा शब्द नाही, माझा. मग जुना पडदा कातडीसकट पान उलटावं तसा पुढे उलटला, खाली स्पंजचे तुकडे भरले, त्यावर तो पापड पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवला, आणि पान परत मिटलं. वरून पॅकिंग. सव्वा तास. माझी मान आखडली, त्यांची काहीच नाही.

हे ऑपरेशन शहरात जेवढ्या वेळा टिकतं तेवढं इथे टिकत नाही. पापड चिकटायच्या आत पुन्हा सर्दी, पुन्हा पू. म्हणून शक्यतो मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर करतात, आणि तोवर त्याची शाळेची पहिली वर्षं गेलेली असतात. बोलायला शिकायची तर त्याच्याही आधी. एका नर्सशी चहा पिताना बोलणं झालं, तिने टेरिटरीच्या तुरुंगांतल्या आदिवासी कैद्यांच्या कानांचा अभ्यास सांगितला, ९४ टक्के लोकांना ऐकायला कमी. मला तो आकडा माहीत होता, पण आत टेबलावर ते पोर झोपलेलं असताना नीट ऐकवला नाही.

केल्विन काँग यांचं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. वोरिमी समाजातले, ऑस्ट्रेलियातले पहिले आदिवासी सर्जन, आणि ते कानाचेच डॉक्टर. त्यांचा आणि डार्विनच्या मेन्झीज संस्थेचा आग्रह असा की बाहेरून माणसं पाठवत बसण्यापेक्षा गावातल्याच लोकांना शिकवून पगार द्या, ते रोज कान बघतील. आत्याला पडद्याचा फोटो माझ्यापेक्षा झटकन काढता येतो हे मी सोमवारीच पाहिलं होतं, त्यामुळे मला वेगळं पटवायची गरज नव्हती.

शुक्रवार

वॉर्डात लाल टोपी बँडेजवर टोपी चढवून बसलेला. त्या कानात आता पॅकिंग, म्हणजे कालच्यापेक्षाही कमी ऐकू येतंय, आणि हे त्याला कोणी नीट सांगितलंच नसावं, कारण तो चिडलेला होता. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बहिणीने बोटांनी काहीतरी केलं, एकदा, दोनदा, तेव्हा खुदकन हसला. काय सांगितलंस म्हटलं तर ती सांगेना.

आजीला सांगितलं, पाणी नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि तीन महिन्यांनी टेस्ट. शाळेतल्या नाक शिंकरायच्या कार्यक्रमाचं काय? नर्सने शाळेला चिठ्ठी दिली.

शनिवार

विमानतळावर बसले होते तर आत्याचा फोन. बस रात्रीच पोचली, मुलगा बरा आहे, बँडेज काढलं नाही, कुत्र्यांबरोबर झोपलाय. मग म्हणाली, नापाल्जारी, ऑक्टोबरात टेस्टला तूच येणार ना? ऑक्टोबरच्या रोस्टरवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे, मी बघितलं होतं. मी म्हटलं युवायी, म्हणजे हो, आणि फोन ठेवून आधी रोस्टरवालीला मेसेज टाकला. विमान सुटेपर्यंत तरी उत्तर आलं नव्हतं.